काळ्या वाटेची पांढरी कड

एका काळ्या दगडावर चुन्याचा थर आहे. जाडीला तो वहीच्या पानाएवढा असेल. ओल्या बोटाने पुसला तर निघत नाही, नखाने खरवडला तर मात्र पिठासारखा भुगा पडतो. उन्हाने त्याला बारीक भेगा गेल्या आहेत आणि त्यांतल्या एका भेगेतून मुंग्या ये-जा करतात. दगड माझ्या कडेला आहे. थर एका बाईंनी लावला आहे. तो शोभेसाठी लावलेला नाही, हे बरेच दिवस फक्त मला ठाऊक होतं, आणि मला ते कुणालाही सांगता येत नव्हतं.

मित्रांनो, मी मुलुंडच्या डोंगरातली एक जुनी पायवाट आहे. कॉलनीच्या मागे पाण्याची टाकी आहे, तिथे माझं तोंड. तिथून मी वाघोबाच्या शेंदरी दगडाजवळून वर चढते, करवंदीच्या जाळ्यांमधून एका सपाट माळावर येते, जुन्या खाणीच्या काठाने वळते आणि ओढ्याजवळून पुन्हा टाकीशी उतरते. माळावरून पूर्वेला खाडी दिसते आणि थंडीत मिठागरांतल्या मिठाच्या पांढऱ्या राशी दिसतात. माझ्यात अवघड असं काही नाही. एक वळण सोडलं तर.

मला कुणी बांधलं नाही. रस्ते बांधावे लागतात, पायवाटा पडतात. जिथे पुन्हा पुन्हा पाऊल पडतं तिथली माती दबते, दबलेल्या मातीत गवताचं बी रुजत नाही, म्हणून पुढचं पाऊलही तिथेच पडतं. माझ्या जन्माची गोष्ट एवढीच. आधी गुरं आली, मग पाड्यावरच्या बायका आल्या. त्यांच्यातली शांताबाई मला अजून आठवते. डोक्यावर लाकडांची मोळी घेऊन ती उतरायची. मोळी असली की मान खाली घालता येत नाही, त्यामुळे पायाखालचं तिला काहीच दिसायचं नाही. ती अंगठ्याने बघायची. आधी अंगठा किंवा टाच हळूच टेकवायची, जमीन आहे अशी खात्री करायची आणि मगच अंगाचा भार टाकायची. डोळ्यांनी चालणारा माणूस असं करत नाही. त्याचं पाऊल बेफिकीर पडतं, कारण ते कुठे पडणार हे डोळ्यांनी आधीच ठरवलेलं असतं. हा फरक मी शांताबाईकडून शिकले.

पुढे डोंगराच्या कुशीत खाण निघाली. सुरुंगाने काळा दगड फुटायचा, त्याची खडी व्हायची. खाणकामगार माझ्यावरून जात-येत. मग खाण बंद पडली आणि तिच्या खड्ड्यात पाणी साचलं. पाड्यावर गॅस आला, नळ आला. त्यांचं भलं झालं, पण माझी गरज संपली. माझ्यावर घाणेरीची झुडपं माजली. लोक टाकीपर्यंत येत आणि फुटलेल्या बादल्या, जुन्या गाद्या माझ्या तोंडाशी टाकून जात. वाट मरते ती अशी, अंगावर गवत उगवून. तिचा आवाज होत नाही.

मरता मरता मला वाचवलं ते माणिकताईंनी.

माणिकताई महानगरपालिकेच्या शाळेत पीटी शिकवतात. गळ्यात शिट्टी, केस घट्ट बांधलेले. एका सुट्टीच्या दिवशी त्या कोयता घेऊन आल्या. बरोबर त्यांची मैत्रीण अस्मिता होती. ही बँकेत नोकरीला, आणि तोंडाने फटकळ.

"अगं, इथे वाट आहे कुठे?" अस्मिता म्हणाली. "मला तर फक्त डास दिसतायत."

"आहे. खाली दबलेली माती बघ. पाय ओळखतो."

"तुझा ओळखत असेल. माझा फक्त लिफ्ट ओळखतो."

पण कोयता तिनेही चालवला. घाणेरी गेली, गाद्या गेल्या. दर रविवारी सकाळी माणसं धावायला येऊ लागली. त्यांनी आपल्या मंडळाचं नाव ठेवलं 'डोंगरपाय'. कुणीतरी माझ्याबद्दल फोनवर लिहिलं, 'सोपी, निसर्गरम्य, नवख्यांना उत्तम.' ते अस्मिताने मोठ्याने वाचून दाखवलं. मित्रांनो, मी गुरांची वाट होते, मोळ्यांची होते, खडीची होते. निसर्गरम्य मला कुणी म्हटलं नव्हतं. मला फार बरं वाटलं.

माणिकताई सगळ्यांच्या पुढे असत. रविवारी मंडळ धावायच्या आधी त्या एकट्या एक फेरी मारून येत, वाट मोकळी आहे की नाही ते बघायला. कुठे फांदी पडलेली असे, कुठे साप ऊन खात बसलेला असे. त्यांनी 'मोकळी आहे' म्हटल्याशिवाय कुणी पाऊल टाकायचं नाही, असा मंडळाचा नियमच होता. त्यांचे यजमान सुबोध कधी धावत नसत. ते गाडीतून चहाचा मोठा थर्मास आणि प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या घेऊन टाकीपाशी येत. कुणी थट्टा केली की म्हणत, "मी पोटाने धावतो. पोट बघा किती पुढे आहे." फार माया करणारा माणूस.

अशा एका सकाळी, नीट उजाडलेलं नसताना, माणिकताईंची टाच माझ्यावर आधी टेकली. हळूच. मग बाकीचं पाऊल. मला वाटलं, शांताबाई आली. पण डोक्यावर मोळी नव्हती. काहीच नव्हतं. पुढचं पाऊलही तसंच पडलं, आणि त्याच्या पुढचंही. लख्ख ऊन पडल्यावर पावलं पुन्हा बेफिकीर झाली. पुढच्या रविवारी पहाटे पुन्हा टाच आधी.

मी समजले. समजून मी काय करणार होते? वाटेला तोंड असतं म्हणतात, पण ते बोलायचं नसतं.

डोळ्याच्या मागच्या पडद्यावर दोन तऱ्हेच्या पेशी असतात, हे मला पुढे त्यांच्याच बोलण्यातून कळलं. मधल्या पेशी भर उजेडात रंग आणि अक्षरं बघतात. कडेच्या पेशी कमी उजेडात बघतात आणि बाजूने येणारं काही असलं तर सांगतात. माणिकताईंच्या या कडेच्या पेशी एकेक करून मरत होत्या. जग त्यांना एखाद्या नळीतून बघावं तसं दिसू लागलं होतं. समोरची पाटी वाचता येई, पण बाजूने आलेला चेंडू कळत नसे. यावर अजून तरी पक्कं औषध नाही, असं डॉक्टर म्हणाले होते.

हे सगळं त्यांनी सांगितलं फक्त आपल्या बहिणीला, गंधालीला. ती लांब राहते. फोन घरातून करता येत नव्हता, म्हणून माणिकताई खाणीच्या वळणाआधीच्या खडकावर बसून करत. फोन स्पीकरवर असे. माझ्याखेरीज ऐकायला कुणी नव्हतं.

"सुबोधना सांगितलंस?" गंधालीचा पहिला प्रश्न हाच असे.

"सांगेन गं. दिवाळी होऊ दे."

दिवाळी झाली. "सहामाहीचे निकाल लागू देत." निकाल लागले. "शाळेचं क्रीडासंमेलन होऊ दे."

"तुझं कॅलेंडर संपतच नाही गं," गंधाली चिडून म्हणाली. "एकदाच काय ते सांगून टाक की. नवरा आहे तो, इन्स्पेक्टर नाही."

"आईला आपण काय केलं, आठवतं?" माणिकताई म्हणाल्या.

उत्तराची वाट न बघता त्या बोलत राहिल्या.

"हेच झालं होतं तिला. आपण तिला खुर्ची दिली. खिडकीपाशी, मऊ गादीची. ती उठली की सगळे एका सुरात ओरडायचो, 'बस, बस, पडशील!' मग तिने उठणंच सोडलं. अकरा माणसांचा स्वयंपाक करणारी बाई, गंधाली. पाणीसुद्धा मागून प्यायला लागली."

"आपण प्रेमानेच केलं गं ते."

"हो ना. त्याचीच तर भीती वाटते. सुबोधचं माझ्यावर फार प्रेम आहे."

थोड्या वेळाने त्याच पुढे म्हणाल्या, "विभागीय स्पर्धेत मी एक अंध मुलगी धावताना पाहिली. तिने आणि तिच्या जोडीदारणीने एक आखूड दोरी धरली होती, एकेक टोक. पावलाला पाऊल. इतक्या सुंदर धावल्या की मी शिट्टी वाजवायची विसरले."

"मग तूही तसंच कर की."

"दोरी धरायची म्हणजे आधी सांगायला हवं."

"मग सांग."

"बघू. क्रीडासंमेलन होऊ दे."

आता चुन्याची गोष्ट. मंडळात हर्षद नावाचा एक इंजिनिअर आहे. कंपनीने त्याला काही दिवस परदेशी पाठवलं होतं. एकदा माझ्यावरून उतरताना तो म्हणाला, "तिकडे गावाबाहेर एक वाट होती. तिच्यापुढे ही म्हणजे..."

"झालं," अस्मिता म्हणाली. "याचं फॉरेन सुरू झालं."

"ऐक ना यार. तिथला सगळा डोंगरच चुनखडीचा. काळा दगड औषधाला नाही. वाट अशी पांढरी शुभ्र. अजिबात चढ नाही, दोन्ही बाजूंना हिरवी कुरणं, दगडी कुंपणं, गाई. म्हातारी माणसंसुद्धा आरामात धावायची."

माणिकताई मागून येत होत्या. त्या थांबल्या. "अंधारात दिसायची?"

"कोण, वाट? अहो, झुंजूमुंजूला तर अशी उजळायची की बॅटरी लागायची नाही."

"बॅटरी लागायची नाही," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

त्या दिवसापासून मला ठाऊक झालं की कुठेतरी लांब माझी एक पांढरी बहीण आहे. मी काळ्या दगडाची, ती चुनखडीची. तिच्यावरून चालणाऱ्याला पहाटेही आपली वाट दिसते. मला तिचा हेवा वाटला. पण त्याहून जास्त वाटलं ते हे, की माणिकताई माझ्याऐवजी तिच्या वाट्याला आल्या असत्या तर बरं झालं असतं.

शाळेच्या मैदानावर रेघा आखायला फक्की लागते. त्यांनी आधी तीच आणून माझ्या कडेला टाकून पाहिली. वाऱ्याने ती उडाली. मग एक दिवस त्या कळीचा चुना आणि पत्र्याचा डबा घेऊन आल्या. पाण्यात पडताच चुना फसफसला, तापला, वाफा आल्या. गार झाल्यावर त्यात डिंक कालवला आणि डोक्याएवढे काळे दगड एकेक करून कुंच्याने रंगवले. जिथे जिथे माझी कड फसवी आहे तिथे ते ओळीने मांडले. सगळ्यांत मोठे आणि सगळ्यांत जवळ जवळ मांडले ते खाणीच्या वळणावर. तिथे मी डावीकडे वळते आणि उजवीकडे जमीन संपते.

इथे एक गंमत सांगते. चुनखडी भट्टीत भाजली की तिच्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विरवून दगडावर फासला की वाळता वाळता हवेतला तोच वायू हळूहळू परत घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो. म्हणजे माणिकताईंनी मला रंग दिला नव्हता. त्यांनी मला माझ्या लांबच्या बहिणीची पातळशी कातडी चढवली होती. काळ्या डोंगरात, कागदाएवढ्या जाडीची का होईना, चुनखडीची वाट तयार झाली होती.

आणि ती चालली! पहाटेच्या धूसर उजेडात पांढरी ओळ त्यांच्या नळीत शिरायची. ओळ डावीकडे सरकली की त्या डावीकडे वळायच्या. त्यांची पावलं पुन्हा बेफिकीर झाली. बाकीच्यांनी दगड पाहिले आणि म्हटलं, "वा माणिकताई, अगदी बागेसारखं केलंत! झकास!" फोटो निघाले. त्या हसल्या. "जरा बरं दिसतं ना?" एवढंच म्हणाल्या.

पावसाळ्यात चुना थोडा उतरला, त्यांनी पुन्हा लावला. पण त्याच पावसाळ्यात खाणीच्या वळणावर माझ्या अंगाखालची माती पाण्याने पोखरली. वरून काही कळत नव्हतं. गवत होतं तसंच होतं, फक्त त्याच्या खाली आता पोकळ होतं. पांढरे दगड त्या पोकळीच्या अलीकडे होते. जोवर ते तिथे होते तोवर माणिकताईंचं पाऊल पलीकडे जाणार नव्हतं. मी त्या दगडांच्या भरवशावर निर्धास्त होते.

थंडीत मंडळाचा वर्षदिन ठरला. सगळे मिळून धावणार, मग पोहे आणि सुबोधरावांचा चहा. आदल्या दिवशी संध्याकाळी अस्मिता, हर्षद आणि आणखी चौघं-पाचजणं सजावटीला आली. माणिकताई नव्हत्या, शाळेचं क्रीडासंमेलन त्याच दिवशी होतं.

"टाकीपाशी मोठ्या अक्षरांत 'डोंगरपाय' लिहायचं," अस्मिता म्हणाली. "पांढऱ्या दगडांनी. ती आली की बघतच राहिली पाहिजे."

"दगड कुठून आणणार?"

"वरून. त्या खाणीपाशी कसले मस्त आहेत! तिथे कोण बघायला जातंय? धावताना दोन सेकंद दिसतात नि संपलं."

हर्षद घुटमळला. "माणिकताईंना एकदा विचारू या का?"

"सरप्राइज कुणी विचारून देतं का रे? तिनेच रंगवलेत, तिच्याच कौतुकाला लावतोय. उचल!"

त्यांनी वळणावरचे दगड उचलले. हसत, एकमेकांना चिडवत, घामाघूम होत एकेक दगड छातीशी धरून खाली नेला. जिथून दगड उचलला तिथे ओलसर मातीचा गोल राहिला. गोलांतले किडे बावरून पळाले. मी हे सगळं बघत होते, मित्रांनो. एखाद्याच्या पायात काटा मोडावा, कुणीतरी ठेचकाळून खाली बसावं आणि म्हणावं, 'थांबा, हे दगड इथे का असतील?' एवढं जरी झालं असतं! पण मी सोपी वाट. माझ्यावर कुणी ठेचकाळत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुरकं दाट होतं. खाडी दिसत नव्हती, मिठागरं दिसत नव्हती. माणसं टाकीच्या पलीकडे जमायला लागली होती. अलीकडे, अगदी माझ्या तोंडाशी, पांढऱ्या दगडांचं 'डोंगरपाय' लिहिलेलं होतं, आणि त्या अक्षरांशेजारी अस्मिता फोन हातात धरून उभी होती. मैत्रिणीचा चेहरा टिपायला.

माणिकताई आल्या. शिट्टी गळ्यात, बूट घट्ट. नेहमीसारखी वाट तपासायची फेरी. त्या पळत पळत अक्षरांच्या शेजारून गेल्या. अस्मिताच्या शेजारून गेल्या, हात लांबवला तर लागेल एवढ्या अंतरावरून. वळून पाहिलं नाही. थांबल्या नाहीत.

अस्मिता खुदकन हसली. तिला वाटलं, नाटक करतेय. "ए बाई! बघ तरी!"

"आले गं, फेरी मारून!" माणिकताईंनी समोरच्या रिकाम्या धुरक्याकडे हात हलवला.

अस्मिताचं हसू ओठांवरच थांबलं. ती माणिकताईंच्या मागे निघाली. आधी चालत, मग जरा भराभर.

वाघोबा गेला, करवंदी गेल्या, माळ आला. वळणाआधीचा किंचित उतार लागला. इथून पांढरी ओळ दिसायची. माणिकताईंनी वेग कमी केला. ओळ नव्हती. त्यांना वाटलं, वळण अजून आलं नाही. टाच आधी टेकली. जमीन होती. पुन्हा टाच. जमीन होती. त्या सरळ येत होत्या आणि मी डावीकडे वळले होते. मी तेव्हा काय केलं, असं विचाराल तर काहीच नाही. एक खडा मला घरंगळवता आला नाही. एक मुळी वर काढता आली नाही. एवढी वर्षं पावलं झेलत आले आणि एक पाऊल मला अडवता आलं नाही.

तिसऱ्या वेळी टाच गवतावर टेकली. त्याच्या खाली जमीन नव्हती.

त्या पुरुषभर खाली करवंदीच्या जाळीत अडकल्या. जाळीच्या खाली खाणीचं हिरवं पाणी होतं.

"माणिक! अगं माणिक!"

"इथे आहे. ओरडू नकोस, लोक घाबरतील."

अस्मिता काठावर पालथी पडली. तिचा श्वास माझ्या मातीला लागत होता. "वेडी आहेस का गं तू? सरळ चालत गेलीस! मी मागून बघत होते, तू वळलीच नाहीस!"

"दगड कुठे गेले?"

"कुठले दगड?"

"पांढरे. इथले."

"ते..." अस्मिताचा आवाज बारीक झाला. "आम्ही नेले. खाली नाव लिहिलंय, तुझ्यासाठी. तू आत्ता त्याच्या शेजारून गेलीस की. माझ्या शेजारून गेलीस." मग तिने हात खाली लांबवून बोटं पसरली. "तुला दिसलंच नाही," ती म्हणाली. "बघ इकडे. किती बोटं आहेत?"

"आधी तू कुठे आहेस ते सांग."

अस्मिता रडायलाच लागली. मग रडता रडता जाकीट काढलं, त्याची एक बाही खाली सोडली, एका हाताने झाडाचं खोड धरलं. माणिकताई पीटीच्या शिक्षिका, पक्क्या खेळाडू आहेत. एक पाय मुरगळलेला, हात ओरबाडलेले, तरी बाहीच्या आधाराने वर आल्या. दोघी माझ्यावर बसून राहिल्या.

"कधीपासून?"

"मागच्या थंडीच्या आधीपासून."

"आणि भावजींना...?"

"वर्षदिन होऊ दे म्हटलं होतं."

"वर्षदिन!" अस्मिताने कपाळावर हात मारला. मग डोळे पुसून म्हणाली, "हे बघ. मी कुणाला बोलणार नाही. पाय घसरला म्हणून सांगू. घसरतो की कुणाचाही. दगड आजच परत लावते, माझ्या हाताने. तू म्हणशील तसं."

"हं," माणिकताई म्हणाल्या.

त्या उठल्या आणि अस्मिताचं कोपर धरलं. अस्मिता अर्धं पाऊल पुढे, त्या मागे. मुरगळलेला पाय लंगडत होता, पण मित्रांनो, दुसरा पाय मी नीट ओळखला. त्या पावलाची टाच आधी चाचपत नव्हती. ते सरळ पडत होतं, पूर्वीसारखं.

त्या दोघी उतरत आहेत तोवर माझं एक मागणं ऐकून घ्या. तुम्हाला एखाद्या वाटेवर दगड मांडलेला दिसेल, झाडाला चिंधी बांधलेली दिसेल, भिंतीवर एक आडवी रेघ दिसेल. ती तुम्हाला निरुपयोगी वाटेल, किंवा फार सुंदर वाटेल. उचलण्याआधी, पुसण्याआधी एकदा विचारा की ही इथे कुणी ठेवली, आणि कशाला. आणि तुमच्या माणसांकडे बघताना त्यांच्या पावलांकडेही थोडं बघत जा. तोंडाने सगळेच 'बरं आहे' म्हणतात.

टाकीपाशी त्या पोचल्या तेव्हा सगळे रांगेत उभे होते. हर्षदने लांबूनच हाक दिली, "माणिकताई, वाट मोकळी आहे ना? सुरू करायचं?" आणि मग त्याने त्यांचे हात पाहिले.

सुबोधराव थर्मास टाकून धावले. तो माणूस कधी धावत नाही, त्या दिवशी धावला. एका हातात प्लॅस्टिकची खुर्ची होती. ती त्यांनी माझ्यावर टेकवली, हाताने पुसली. "अरे देवा, काय झालं? बस. आधी बस तू. बस गं, पडशील."

"काही नाही हो भावजी," अस्मिता घाईने म्हणाली. "पाय जरासा..."

माणिकताईंनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. खुर्चीचे पाय माझ्या मातीत थोडे रुतले. त्या बसल्या नाहीत.

"पाय घसरला नाही, सुबोध," त्या म्हणाल्या. "मला कडेचं दिसत नाही. आईसारखं. वळण दिसलं नाही म्हणून पडले."

  सुबोधरावांनी खुर्ची आणखी जवळ सरकवली. "असू दे. असू दे हं. तू बस. घरी जाऊन बोलू आपण. पाय बरा झाला की मग शांतपणे..."

"नाही." आवाज मोठा नव्हता, पण मैदानावर शेवटच्या रांगेपर्यंत जातो तसला होता. "दिवाळी झाली की, निकाल लागले की, पाय बरा झाला की. हे आता पुरे. मी बसणार नाही, सुबोध. मी इथेच धावणार, दोरी धरून. एक टोक माझ्या हातात असेल. दुसरं कोण धरणार, ते आत्ताच सांगा."